माहिती नसेल तर "माहीत नाही" म्हणा ना! न्यूज चॅनेलवाल्यांना इंदूरहून खुलं पत्र

प्रति,
हिंदी आणि मराठी न्यूज चॅनेलांचे संपादक, इनपुट-आउटपुटचे हेड, आणि रात्रपाळीला डेस्कवर बसणारी सगळी मंडळी,
मुक्काम नोएडा आणि मुंबई

नमस्कार,

पत्र मराठीत लिहितोय, पण नोएडाच्या हिंदी चॅनेलवाल्यांनीही ते कोणाकडून तरी वाचून घ्यावं, कारण यातली निम्म्याच्या वर तक्रार त्यांच्याबद्दलच आहे. आम्ही इंदूरचे मराठी लोक दोन्हीकडचं बघतो. बाबांना हिंदी चॅनेल लागतं, आईला मुंबईचं मराठी, त्यामुळे मोठी ब्रेकिंग आली की आमच्याकडे एकच घटना दोन भाषांत आणि चार वेगवेगळ्या आकड्यांत आलटून पालटून चालू असते, आणि खरं सांगायचं तर या बाबतीत तुम्ही दोघं सख्खे भाऊ शोभता.

माझी ओळख एवढीच की मी इंदूरला व्हिडिओ शूटिंगचं काम करतो. लग्नं, मुंजी, गणपतीतले कार्यक्रम, आणि हल्ली अमेरिकेतल्या मामाला बघता यावं म्हणून प्रत्येकाला यूट्यूबवर लाईव्ह पाहिजे असतं ते पण. अधूनमधून एखाद्या चॅनेलच्या माणसाला कॅमेरामन कमी पडला की माझा फोन वाजतो, मग ती बरीचशी सिमकार्डं एकत्र जोडून सिग्नल पाठवणारी बॅग पाठीवर अडकवून मीही जातो, तासन् तास उभा राहतो. म्हणजे लाईव्ह कसं होतं ते मला सोफ्यावर बसून नाही, रस्त्यावर उभं राहून माहितीये. रिपोर्टरच्या कानात दर दहा मिनिटांनी डेस्कवरून एकच प्रश्न येतो, "नया क्या है?" नवीन काही नसतं हो. पोलिसांनी दोरी बांधलेली असते, आत काय चाललंय ते आतल्यांनाही धड कळत नसतं, बाहेर आम्ही घामाघूम उभे, आणि तरी काहीतरी "नया" द्यायचंच असतं. मग रिपोर्टर बाजूच्या पानवाल्याला विचारतो, पानवाला म्हणतो की अजून पन्नास जण तरी आत असतील भिया, आणि दोन मिनिटांत ते "सूत्रों के मुताबिक" होऊन खालच्या पट्टीवर धावायला लागतं. सूत्र म्हणजे पानवाला! हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय आणि तो रिपोर्टर काही वाईट माणूस नव्हता, स्टोरीमागे पैसे मिळणारा स्ट्रिंगर होता, त्यानं "नया कुछ नहीं है" सांगितलं असतं तर पुढच्या वेळी डेस्कनं दुसऱ्याला फोन लावला असता.

वरात लेट झाली की लग्नातला सूत्रसंचालक शायरी सुरू करतो, मग जोक मारतो, मग कोणाला तरी नाचायला ओढून आणतो, पण स्टेज रिकामं ठेवत नाही. तुमचं नेमकं तेच झालंय. फक्त त्याच्या शायरीनं कोणाच्या घरी रडारड होत नाही.

घाईबद्दल तुम्हाला सगळेच बोल लावतात, मी नाही लावणार, बातमी लवकर द्यायलाच पाहिजे. माझं भांडण त्या मधल्या वेळेशी आहे. मोठी घटना घडली की पहिली खरी माहिती येते, मग तासभर, दोन तास, कधी रात्रभर काहीच नवीन येत नाही, मग दुसरी खरी माहिती येते. या दोन्हींच्या मधे तुम्ही जे भरता ना, सगळी घाण तिथं होते. आकडे तिथेच फुगतात, मेलेले तिथेच जिवंत होतात आणि जिवंत मेलेले.

आमच्या गावचंच सांगतो. ३० मार्च २०२३, रामनवमी. पटेल नगरात बेलेश्वर महादेव झुलेलाल मंदिरात हवन चालू होतं, मंदिराची फरशी जुन्या बावडीवर, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीवर, टाकलेल्या छतावर होती, ते छत खचलं आणि पूजेला बसलेली माणसं थेट खाली पाण्यात. ३६ जण गेले. दोऱ्या टाकून, शिड्या लावून जेवढे निघाले तेवढे काढले, मग पाणी उपसायला पंप लावले, खाली गाळ, वरून अंधार झाला, एनडीआरएफ आली, एसडीआरएफ आली, महूहून लष्कर आलं, काम दुसऱ्या दिवशीपर्यंत चाललं. आता या सगळ्या वेळात तुमच्याकडे काय चालू होतं? एकाच मिनिटाला तीन चॅनेलांवर मृतांचे तीन आकडे. कुठे लिहिलंय का की हा आकडा कलेक्टरनं दिलाय की हॉस्पिटलनं की कोणीच नाही? नाही. संध्याकाळी पुण्याहून मावशीचा फोन आला, अरे बरं झालं बाई, बहुतेक सगळ्यांना सुखरूप काढलं म्हणतायत टीव्हीवर, आणि इकडे लोक मोबाईलमधले फोटो दाखवत एका हॉस्पिटलमधून दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये फिरत होते. तिला काय सांगणार! दुसऱ्या दिवशी आकडा पस्तिशीच्या पुढे गेला तेव्हा तिचा परत फोन आला आणि ती मला विचारत होती की मग काल ते कोणाबद्दल बोलत होते.

आणि त्या रात्री वेळ भरायला सामान नव्हतं असं नाही हो. बावडीवर स्लॅब घालायला कोणी परवानगी दिली? नगर निगमनं त्या बांधकामाबद्दल मंदिराच्या ट्रस्टला आधीच नोटीस दिलेली होती, तिचं पुढे काय झालं? इंदूरमध्ये होळकरांच्या काळापासूनच्या किती बावड्या अशा झाकून टाकल्यात, कोणावर घर आहे, कोणावर पार्किंग? इथला कुठलाही जुना माणूस, एखादा इंजिनियर, एखादा निवृत्त निगम अधिकारी फोनवर घेतला असता तरी रात्रभर पुरेल एवढा मजकूर होता, सगळा खरा, आणि त्यात कोणाची आई मेली की जगली याचा अंदाज लावायची गरज नव्हती. त्याऐवजी तेच तीन शॉट लूपवर, कोपऱ्यात लाल रंगात लाईव्ह, आणि शॉट दुपारचे. रात्री अकरा वाजता स्क्रीनवर लख्ख ऊन! ३ एप्रिलला निगमचे जेसीबी त्या मंदिराचं अवैध बांधकाम पाडायला आले, म्हणजे खरे प्रश्न विचारायची वेळ आली, तोवर दिल्लीवाल्यांच्या दृष्टीनं आम्ही कधीच संपलो होतो.

शॉटवर वेळ टाका. एवढं तरी करा. आम्ही लग्नाच्या कॅमेऱ्यातसुद्धा टाइमकोड, म्हणजे शॉटच्या वेळेची नोंद, ठेवतो, तुमच्या मशीनमध्ये तो आपोआप येत असतो, फक्त तो प्रेक्षकाला दिसायला पाहिजे. दुपारी साडेबाराचा शॉट आहे तर दुपारी साडेबाराचा म्हणून लिहा.

अजून एक इंदूरचीच. २० नोव्हेंबर २०१६, रविवार, पहाटे तीनच्या सुमारास इंदूर-पाटणा एक्सप्रेस कानपूरजवळ पुखरायांला रुळावरून घसरली, चौदा डबे, सुमारे १५० माणसं गेली. आमच्या ओळखीच्या एका काकूंचा भाचा त्या गाडीत होता. सकाळी सकाळी त्यांच्या घरी आम्ही सगळे टीव्हीसमोर. त्या बाईला दोनच गोष्टी पाहिजे होत्या, कुठले डबे आणि कुठला फोन नंबर. रेल्वेनं हेल्पलाईन नंबर दिले होते आणि चॅनेलवर ते आलेही, पण कसे, तर खालून पळत्या पट्टीवर, मधेच क्रिकेट, मधेच नोटबंदीची रांग, मग परत नंबर, आणि पेन कागदाला टेकेपर्यंत शेवटचे चार आकडे गेले पलीकडे. मी मोबाईलनं टीव्हीचा फोटो काढायचा प्रयत्न केला तर नेमकी वर कसली तरी जाहिरात उगवली. डब्यांचं तर कोणी बोलतच नव्हतं. एस वन आणि एस टूची हालत सगळ्यात वाईट होती हे नंतर कळलं, आणि भाचा मागच्या डब्यात होता, वाचला, दुपारी त्याचा स्वतःचाच फोन आला. पण तोवरचे ते तास! स्क्रीनवर तेवढ्यात काय चाललं होतं, तर चुरा झालेल्या डब्याभोवती लाल वर्तुळ, आणि अँकर विचारतोय की "ये साजिश तो नहीं?"

अहो, ज्यांची माणसं त्या गाडीत आहेत ते प्रेक्षकच आहेत की तुमचे. किंबहुना त्या दिवशी सगळ्यात जास्त तेच बघतायत. स्क्रीनचा एक कोपरा त्यांच्यासाठी ठेवा, नंबर तिथे स्थिर ठेवा, जाहिरातीतसुद्धा हलवू नका, आणि गाडीच्या डब्यांचं साधं चित्र काढून कुठले घसरले ते दाखवा. यात टीआरपी नाही म्हणता? आमच्या काकूंनी त्या दिवशी चॅनेल बदललं नसतं, शपथेवर सांगतो.

आता मोठ्याकडे येतो. २६/११. मुंबईच्या मराठी संपादकांना यातलं काही मी सांगावं असं नाही, तुमच्या दाराशीच झालं. २८ नोव्हेंबर २००८ च्या सकाळी नरिमन हाऊसच्या गच्चीवर एनएसजीचे कमांडो हेलिकॉप्टरमधून दोरीनं उतरत होते आणि ते आम्ही इंदूरमध्ये पोहे खात बघत होतो. आम्ही बघत होतो म्हणजे पाकिस्तानात बसलेले त्या अतिरेक्यांचे आका पण बघत होते, आणि टीव्हीवर जे दिसतंय ते बघून फोनवरून आपल्या पोरांना सांगत होते, ती संभाषणं पुढे कोर्टात आली. २९ ऑगस्ट २०१२ ला सुप्रीम कोर्टानं कसाबची फाशी कायम केली त्या निकालात चॅनेलांवर वेगळे ताशेरे आहेत, की या कव्हरेजनं सुरक्षा दलांचं काम नुसतं अवघड नाही केलं तर जवानांचा जीव धोक्यात घातला. सुप्रीम कोर्टानं! आणि नियम कधी आला, तर मार्च २०१५ मध्ये, म्हणजे हल्ल्यानंतर सहा वर्षांच्या वर, केबल टीव्हीच्या नियमांत एक कलम टाकलं की अतिरेकीविरोधी कारवाई चालू असताना लाईव्ह दाखवायचं नाही, सरकारनं नेमलेला अधिकारी वेळोवेळी जी माहिती देईल तेवढीच. बरं, नियम आला म्हणून प्रश्न सुटला का? पहलगामनंतर २६ एप्रिल २०२५ ला माहिती प्रसारण मंत्रालयाला परत पत्रक काढावं लागलं की लष्कराच्या हालचाली लाईव्ह दाखवू नका, आणि त्यात कारगिल, २६/११, कंदाहार सगळ्याची परत उजळणी. सतरा वर्षांत शिकलेलं एवढंच असेल की दर वेळी पत्रक काढावं लागतं तर मग अवघड आहे.

आणि त्यानंतर दोनच आठवड्यांत, भारत-पाकिस्तान संघर्ष पेटलेला असताना, ती ८ मेची रात्र आली. तुमच्यापैकी कोणी ती रात्र विसरायचा प्रयत्न करत असेल तर मी विसरू देणार नाही. आदल्या दिवशी इंदूरमध्ये मॉक ड्रिल झालेलं, भोंगे वाजलेले, संध्याकाळी साडेसातच्या सुमारास काही मिनिटं दिवे घालवलेले, बाबांना एकाहत्तरची आठवण झाली, शेजारच्या पोरांना मजा वाटली. महू इथून जवळ, आमच्या ओळखीत फौजेतली घरं आहेत, त्यांच्या बायका-पोरांची काय अवस्था होती ती मी बघितलीये. अशा वातावरणात रात्री टीव्ही लावला तर कराची बंदर उडवलं, इस्लामाबाद आपल्या ताब्यात, त्यांचा लष्करप्रमुख अटकेत! आणि मागे सतत युद्धाचा भोंगा. खरा नाही, स्टुडिओतला. बाबा दोनदा उठून गॅलरीत गेले की भोंगा आपल्याकडचा आहे की टीव्हीतला. शेवटी सरकारच्या नागरी संरक्षण खात्याला चॅनेलांना लेखी सांगावं लागलं की बाबांनो तुमच्या कार्यक्रमात हे सायरन वाजवू नका, लोकांना सवय झाली तर खरा वाजेल तेव्हा कोणी हलणार नाही. सकाळी कराची जागेवर, इस्लामाबाद जागेवर, आणि तुम्ही पण जागेवर, नवीन कोट घालून.

त्याच दिवसांत पूंछमध्ये पाकिस्तानच्या तोफगोळ्यात एक मदरशातला शिक्षक मेला, आपला माणूस, आपल्या हद्दीत, आणि काही चॅनेलांनी त्याचा फोटो दाखवून त्याला ठार झालेला अतिरेकी करून टाकलं. पूंछ पोलिसांना खुलासा करावा लागला. त्याच्या घरचे तेव्हा दफनविधी करत असतील की टीव्हीवाल्यांना फोन करत असतील? यात मुद्दाम कोणी केलं असं मी म्हणत नाही, मला पक्कं वाटतं की हे पण त्या मधल्या वेळेचंच पाप आहे, रात्रीचे अडीच वाजलेत, लष्कराची ब्रीफिंग सकाळी आहे, स्क्रीन तर पेटलेली आहे, कुठून तरी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आलाय, टाक. २०२१ मध्ये अफगाणिस्तानातल्या पंजशीरच्या लढाईचं म्हणून व्हिडिओ गेमचं फुटेज चालवलं होतं काही चॅनेलांनी, ते पण याच खात्यातलं. आमच्या इथला बारावीतला पोरगा बघून म्हणाला, काका ये तो गेम है.

तुम्ही म्हणाल चूक सगळ्यांची होते. होते ना. अमेरिकेत २०१२ च्या सप्टेंबरमध्ये फॉक्स न्यूज एका पोलीस पाठलागाचं लाईव्ह दाखवत होतं, शेवटी त्या माणसानं गाडीतून उतरून स्वतःवर गोळी झाडली आणि ते प्रसारित झालं. पाच सेकंदांचा डिले ठेवला होता, म्हणजे चित्र पाच सेकंद उशिरानं जात होतं, पण ऐन वेळी कट झाला नाही. अँकर शेपर्ड स्मिथनं तिथल्या तिथे, कॅमेऱ्यात बघून, आमचं चुकलं, हे टीव्हीवर यायला नको होतं, असं सांगून माफी मागितली. डिले म्हणजे काय फार मोठं तंत्र नाहीये हो, मी लग्नाच्या स्ट्रीमिंगलासुद्धा अर्ध्या मिनिटाचा ठेवतो, कारण संगीतच्या रात्री कोणाचा तरी जिजाजी माईक हातात घेऊन काय बोलेल याचा नेम नसतो. माझ्यासारखा लोकमान्य नगरातला माणूस जिजाजीपासून अमेरिकेतल्या मामाला वाचवू शकतो, तर तुमच्याकडे एवढ्या मोठ्या कंट्रोल रूम आहेत.

बरं, कोणी याच्यावरून असं समजू नये की मला सगळं सरकारी बातम्यांसारखं मुकाट पाहिजे. ३१ ऑक्टोबर १९८४ ला इंदिराजी गेल्या, बीबीसीनं दुपारीच सांगितलं आणि आकाशवाणीनं अधिकृत घोषणा केली संध्याकाळी सहाला. बाबा अजून सांगतात की राजवाड्याकडे दुकानं धडाधड बंद झाली आणि रेडिओवर मात्र शोकसंगीत, कोणी काही बोलेना, आणि त्या पोकळीत अफवांना ऊत. म्हणजे माहीत असून गप्प बसणं आणि माहीत नसून बडबडणं, दोन्हीनं अफवाच वाढतात. चॅनेलं आली तेव्हा आम्हाला वाटलं होतं पहिल्यातून सुटलो. सुटलो पण, ते नाकारत नाही.

माणूस मरायच्या आधी मारण्याचं तर तुम्ही दुकानच उघडलंय. लतादीदी आमच्या गावच्या, जन्म इथला, शीख मोहल्ल्यातला, १९२९ चा. जानेवारी २०२२ मध्ये त्या ब्रीच कँडीत होत्या तेव्हा त्यांच्या बाजूनं परत परत विनंती करावी लागत होती की कृपा करून खोट्या बातम्या पसरवू नका. ६ फेब्रुवारीला त्या गेल्या. आणि धर्मेंद्र? ११ नोव्हेंबर २०२५ ला सकाळी सकाळी चॅनेलांनी श्रद्धांजली सुरू पण करून टाकली, जुनी गाणी, फुलांची फ्रेम, सगळं तयार माल, आणि मुलीला इन्स्टाग्रामवर लिहावं लागलं की पप्पांची तब्येत स्थिर आहे. हेमा मालिनींनी तर हे अक्षम्य आहे म्हणून जाहीर सुनावलं. ते गेले २४ तारखेला. मधले तेरा दिवस ते जगले ते तुमच्या बातमीच्या नाकावर टिच्चून. यात काय अडलं होतं सांगा, नवरा किंवा बाप गेला की नाही हे घरच्यांच्या आधी सांगायची स्पर्धा कोणी लावली होती? पहिला नंबर आला तर बक्षीस कोण देतं?

बक्षीस कोण देतं ते माहितीये म्हणा मला. आठवड्याला आकडे येतात प्रेक्षक मोजणाऱ्या बार्कचे, त्याच्यावर जाहिराती, त्याच्यावर तुमचे पगार. टीआरपी घोटाळा गाजल्यावर ऑक्टोबर २०२० पासून मार्च २०२२ पर्यंत न्यूज चॅनेलांचे आकडे बंद होते, म्हणजे जवळजवळ दीड वर्ष कोणी मार्क देणारा नव्हता, तरी तुम्ही काही शांत झाला नाहीत. म्हणजे आता नुसता टीआरपीला दोष देऊन पण भागत नाही, सवयच लागलीये.

आणि शिक्षा? चॅनेलवाल्यांनी स्वतःच केलेली ती तक्रारी ऐकणारी संस्था, एनबीडीएसए, आहे, तिथे प्रेक्षकानं आधी सात दिवसांच्या आत चॅनेलकडे तक्रार करायची, त्यांनी दाद नाही दिली तर मग वर जायचं, तारीख, वेळ, क्लिप सगळं जोडून, आणि एवढं करून दंड जास्तीत जास्त एक लाख. सुप्रीम कोर्टानंच ऑगस्ट २०२३ मध्ये विचारलं की एक लाखानं कोण घाबरणार, दंड त्या कार्यक्रमातून मिळालेल्या नफ्याच्या हिशोबात पाहिजे. मी म्हणतो दंड राहू द्या बाजूला, चूक जेवढ्या मोठ्या अक्षरात, जेवढा वेळ, ज्या प्राईम टाइमला दाखवली तेवढ्याच अक्षरात, तेवढाच वेळ, त्याच टाइमला दुरुस्ती दाखवा. इस्लामाबाद रात्रभर ताब्यात होतं ना, मग "इस्लामाबाद ताब्यात नव्हतं" हे पण एक रात्रभर चालवा. भोंग्याशिवाय.

२०२५ च्या मे-जूनमधलं शिलाँगला हनिमूनला गेलेल्या नवऱ्याच्या खुनाचं प्रकरण पण आमच्याच गावचं, नावं मी घेत नाही, केस कोर्टात आहे. जोडपं बेपत्ता होतं तोवर काही अँकरांनी अख्ख्या मेघालयाला गुन्हेगार करून टाकलं होतं, पर्यटकांनी तिकडे जाऊ नये वगैरे, तपास दुसरीकडे वळल्यावर तिथल्या मंत्र्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली की आमच्या राज्याची बदनामी केली. मग तोच जोर इंदूरकडे वळला. त्या मुलाच्या घरासमोर लाईव्ह पाठवणाऱ्या ओबी व्हॅनांची रांग, त्याच्या आईसमोर माईकचा गुच्छ, ती रडली की कॅमेरा झूम. मला पण त्या वेळी एका ओळखीच्यानं बोलावलं होतं, दिवसाचे पैसे चांगले होते, मी गेलो नाही. काही थोरपणा नाही त्यात, त्या गल्लीत माझं रोजचं जाणं-येणं आहे, परत तोंड दाखवायचं असतं.

तुमच्याकडून चांगलं होतच नाही असं पण नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्तराखंडात सिलक्यारा बोगद्यात ४१ मजूर अडकले, सतरा दिवस. त्या वेळीही मंत्रालयाचं पत्रक निघालंच की सनसनाटी करू नका, पण काही रिपोर्टर असे होते की ड्रिल किती मीटर आत गेलं, पाईपची जाडी किती, मशीन कुठे अडकलं, आता उभं खोदायचं की आडवं, हे कागदावर चित्र काढून समजावत होते, आणि माझी आई, जिला बोगदा म्हणजे कसारा घाट एवढंच माहीत, ती रोज संध्याकाळी मला सांगायची की आज एवढे मीटर झाले. ते खोदणारं ऑगर मशीन मोडलं तेव्हा शेवटचं काम हातानं खोदणाऱ्या रॅट होल मायनर्सनी केलं, ते पण तिला तोंडपाठ. सतरा दिवस तिनं बघितलं की नाही चॅनेल? बघितलं. कोणी "साजिश" म्हटलं नाही तरी बघितलं.

त्यामुळे प्रेक्षकालाच मसाला पाहिजे असतो हे मला सांगू नका.

आता शेवटचं, आणि हे विचारण्यासाठीच खरं तर एवढं लांबण लावलं. मी ज्या ज्या वेळी चॅनेलसाठी उभा राहिलोय त्या प्रत्येक वेळी मला माहीत होतं की "चालवा" म्हणणारा कोण आहे, त्याचं नाव, त्याचा नंबर, तो किती वेळा फोन करतो सगळं. पण "थांबा, अजून पक्कं नाही" म्हणणारा माणूस तुमच्याकडे कोण असतो ते मला आजवर कळलं नाही. रात्री अडीच वाजता, संपादक झोपलेत, फोटो आलाय, पट्टी टाईप करून तयार आहे, तेव्हा ती अडवायचा अधिकार नेमका कोणाला असतो, आणि त्यानं अडवली आणि दुसऱ्या चॅनेलनं आधी दाखवली तर सकाळी त्याला ओरडा बसतो की शाबासकी मिळते? त्या माणसाचं पद तुमच्या वेबसाईटवर टाका, नाव नको, पद पुरे. आणि तसं पद नसेल तर तसं तरी कळवा, आई-बाबांना सांगून ठेवतो.

कळावे,
लोकमान्य नगर, इंदूर येथील एक कॅमेरावाला